चिंच, रांगोळी आणि बँड स्विच

"वरून एक थाप मारली की लागतो गो," काकू म्हणाली आणि थाप मारून दाखवली. रेडिओतून कोणीतरी अर्धं वाक्य बोललं, खर्र झालं आणि सगळं गप्प. दुसऱ्या थापेला तेवढंही आलं नाही.

मी आधी प्लग काढला. वॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना रेडिओ, वय साठीच्या आसपास. काका गेल्यापासूनची सहा वर्षं तो क्रोशाच्या पांढऱ्या कव्हराखाली होता, आणि काकू तो थेट २३० व्होल्टला लावून थापा मारत होती. माझ्या पोटात गोळा आला. या रेडिओंच्या आत दोनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात. चार्ज साठवणारे जुने कागदी कपॅसिटर गळायला लागलेले असतात, फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, आणि जे सुकलेले नसतात ते प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतात. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: माळ्यावरून काढलेला रेडिओ "बघू चालतो का" म्हणून लावू नका. आधी आतले कपॅसिटर तपासा, बदला, आणि पहिल्यांदा वीज द्याल ती सिरीज बोर्डवरून, मध्ये साठ वॅटचा साधा पिवळा बल्ब ठेवून. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि रेडिओचा ट्रान्सफॉर्मर वाचतो. माझी त्या सुट्टीतली पहिली दुपार यातच गेली.

रेडिओ मर्फीचा, ठाण्याच्या कारखान्यातला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी धाग्याचं कापड, चार बटणं. कपॅसिटर बदलून झाले, बल्ब मंद राहिला, वॉल्व्ह तांबूस उजळले. पण आवाज तसाच, थापेवर अवलंबून. बँडचं बटण किंचित हलवलं की मीडियम वेव्ह यायचं, हात सोडला की जायचं. मग कळलं की दुखणं बँड स्विचमध्ये आहे, म्हणजे त्या बटणामागच्या, मीडियम वेव्ह की शॉर्टवेव्ह ते निवडणाऱ्या स्विचमध्ये.

चॅसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, उलटी करून डोक्याला बॅटरी बांधली आणि भिंग लावून आत पाहिलं. एका दांड्यावर ओवलेल्या तपकिरी चकत्या, कडेने चिमट्यासारख्या छोट्या पट्ट्या, आणि मधल्या फिरत्या चकतीवर बसवलेले पत्र्याचे तुकडे. बटण फिरवलं की पत्रा या चिमट्यांच्या जबड्यातून सरकत पुढच्या जागी जातो. या सगळ्यावर चांदीचा मुलामा असतो. तो पांढरा दिसायला हवा. मला दिसला तो पिकल्या जांभळाच्या सालीसारखा, काळा आणि मध्येच निळसर झाक असलेला. फक्त मीडियम वेव्ह आणि पहिल्या शॉर्टवेव्हच्या मधल्या टप्प्यात दोन बारीक रेघा जरा उजळ होत्या. सकाळी शॉर्टवेव्हवर सिलोन, मग मीडियम वेव्हवर बातम्या, असा काकांचा नेम होता. त्यांच्या हाताने तेवढी वाट घासली गेली होती. दुसऱ्या शॉर्टवेव्हकडे घरात कोणी फिरकत नसे. तो भाग काळाकुट्ट.

पण त्या उजळ रेघांवरही आता गवती पिवळसर छटा आली होती. मीटरच्या पिना लावल्या तर रोधाचा आकडा ठरेना. ४० ओहम, मग ११, मग एकदम ३००. चांगल्या कॉन्टॅक्टला, म्हणजे दोन धातू टेकतात त्या जागेला, तिथे एका ओहमचा छोटा अंशही पुष्कळ झाला.

मेकॅनिक लोक याला सरसकट "कार्बन" म्हणतात. "कार्बन आलाय, साफ करावा लागेल." स्विच कुठलाही असो, काळं दिसलं की कार्बन. तो कार्बन नसतो. चांदीवरचा हा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. चांदी सगळ्या धातूंत विजेची उत्तम वाहक, म्हणून ती स्विचवर चढवतात. हवेतल्या प्राणवायूचं तिला फारसं काही वाटत नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाला जरी असला आणि जोडीला दमट हवा असली, की ती काळवंडायला लागते.

आणि आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. ओहोटी लागली की कांदळवनातला काळा चिखल उघडा पडतो आणि वाऱ्याबरोबर कुजक्या अंड्यासारखा वास घरात शिरतो. मे महिन्यात आम्हा मुलांना पहिले दोन दिवस तो जाणवायचा, मग नाक सरावायचं. तो वास म्हणजेच हायड्रोजन सल्फाइड. दिवसातून दोनदा ओहोटी, वर चार महिने कोकणातला पाऊस. त्या रेडिओतली चांदी इतकी वर्षं कशी टिकली याचंच मला नवल वाटतं. टिकली, कारण काका ती रोज फिरवत होते.

हे नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. दोन धातू आपल्याला एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर दोन्ही पृष्ठभाग सह्याद्रीसारखे उंचसखल असतात. ते टेकतात फक्त काही शिखरांवर. वीज जाते ती तेवढ्याच टिकल्यांतून. स्वीडनमध्ये जन्मलेल्या रॅगनर होल्म यांनी जर्मनीत आणि पुढे अमेरिकेत जन्मभर याच गोष्टीचा अभ्यास केला. विद्युत कॉन्टॅक्टवरची शास्त्रज्ञांची परिषद आजही त्यांच्या नावाने भरते. त्या मोजक्या टिकल्यांवर थर चढला की रस्ता बंद. बटण फिरलं की पत्रा जबड्यातून घासत जातो, शिखरं नवी होतात, रस्ता पुन्हा मोकळा. स्विच बनवणाऱ्यांनी हे घासणं मुद्दाम योजलेलं असतं.

मग भिंतीवरचं दिव्याचं बटण तीस-तीस वर्षं कसं चालतं? तेही त्याच हवेत असतं. तिथे २३० व्होल्ट असतात. बटण दाबताना बारीक ठिणगी पडते आणि थर असेल तो जळून, फाटून जातो. रेडिओच्या बँड स्विचमधून जातो तो एरियलकडून आलेला सिग्नल, व्होल्टच्या लाखाव्या हिश्शात मोजावा असा. टेपरेकॉर्डरच्या हेडचंही तसंच, एका मिलिव्होल्टच्याही खाली. एवढ्याशा जिवाला तो थर फोडता येत नाही. म्हणूनच जुन्या अॅम्प्लिफायरचा पॉवरचा खटका ठणठणीत असतो आणि त्याच्या शेजारचा टेप-मॉनिटरचा, म्हणजे जोडलेला टेप ऐकायचा स्विच एक बाजू खाऊन टाकतो. लोक स्पीकर बदलतात, वायरी बदलतात, शेवटी अॅम्प्लिफायर भंगारात घालतात. त्या न वापरलेल्या स्विचला दहा वेळा खालीवर करून पाहायचं कोणाच्या मनात येत नाही.

तांबं उघडं पडलं असेल तर आणखी वाईट. तांब्यावरचा ऑक्साइडचा थर एका दिशेने वीज सहज जाऊ देतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो. १९२० च्या दशकात याच गुणावर एसीचं डीसी करणारे रेक्टिफायर निघाले आणि बॅटरी चार्जरमध्ये वापरले गेले. जे चार्जरमध्ये उपयोगी, ते गाण्याच्या वाटेत आलं की आवाज फाटतो. म्हणजे आवाज नुसता कमी होतो असं नाही, बिघडतो. गाणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं.

तांबं उघडं पाडायची चूक मी एकदा केली आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असताना वडिलांचा कॅसेट टेपरेकॉर्डर उघडला. त्यातला रेकॉर्ड-प्लेचा लांब सरकता स्विच खरखरत होता. मी त्याचं कवच सोडवलं, आतल्या बारीक पट्ट्या ताटलीत काढल्या आणि पॉलिश पेपरने एकेक चकचकीत केली. तास-दीड तास घासत होते. जोडल्यावर काय आवाज आला! वडील शेजारच्यांना बोलावून ऐकवत होते. पावसाळा लागला आणि ऑगस्टपर्यंत तो स्विच आधीपेक्षा वाईट झाला. पुन्हा उघडला तेव्हा पट्ट्या तांबड्या दिसल्या. चांदीचा मुलामा काही मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीच्या कितीतरी खाली. काळ्या थराबरोबर मी चांदीच खरवडून टाकली होती. तसा स्विच पुन्हा मिळाला नाही. पुण्याच्या टापकीर गल्लीत मी तीन शनिवार फिरले, भंगारातले टेप उलटेपालटे केले. वडील काही बोलले नाहीत, पण त्या पट्ट्यांचा तांबडा रंग अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून पॉलिश पेपर, काचपेपर, ब्लेड यातलं काहीही मी कॉन्टॅक्टजवळ येऊ देत नाही. साधं खोडरबरसुद्धा नाही, त्यातही घासणारी भुकटी असते.

तर मी अशी चॅसिस मांडीवर घेऊन ओटीवर बसलेली, आणि काकू मागीलदारी देवाची उपकरणी घेऊन बसलेली. वटपौर्णिमा जवळ आली होती. ताम्हन, पंचपात्री, समई, सगळ्याला चिंचेचा कोळ आणि मीठ चोळून ठेवलं होतं. चिंचेतलं आम्ल तांब्यापितळेवरचा थर विरघळवतं, फार घासावं लागत नाही. चांदीला मात्र चिंच चालत नाही, हे तिला कोणी न शिकवता ठाऊक. चांदीला रांगोळी. ओल्या फडक्यावर चिमूटभर रांगोळी घेऊन ती अन्नपूर्णा घासत होती.

"तुझं पण काळंच पडलंय ना? रांगोळी देऊ चिमूटभर?"

मी उठून तिच्याजवळ गेले आणि अन्नपूर्णा हातात घेतली. लग्नात माहेराहून आणलेली, अंगठ्याएवढी. तिला चेहरा नव्हता. नाक नाही, डोळे नाहीत. हातातल्या पळीच्या जागी एक गुळगुळीत उंचवटा. साठ वर्षं सणासुदीला, एकादशीला रांगोळीने घासून काकूने तिला लख्ख ठेवलं होतं, आणि दर वेळी तिच्या चेहऱ्याचा एक कण फडक्यावर गेला होता. माझ्या तांबड्या पट्ट्या आणि ही अन्नपूर्णा, दोन्हींची गत एकच. फक्त चांदीचा ठोकळा भरीव असल्याने देवी टिकली.

"थांब, घासू नकोस," म्हटलं. डब्यावरचा अॅल्युमिनियम फॉइल पातेल्यात अंथरला, अन्नपूर्णेला त्यावर ठेवलं, वरून खायचा सोडा आणि मीठ, आणि उकळतं पाणी. यात चांदीला चिकटलेलं गंधक सुटून जातं आणि चांदी जागच्या जागी चांदी होते. एक कणही झिजत नाही. बुडबुडे आले, थोडा वास सुटला. काकूने वाकून नाक आक्रसलं.

"अगो, हा तर खाडीचा वास!"

तोच होता. ओहोटीच्या वाऱ्याने जे आणून चांदीवर बसवलं होतं ते पातेल्यातून पुन्हा हवेत चाललं होतं. मी हे इतकी वर्षं पुस्तकात वाचलं होतं, पण काकूच्या नाकाने ते एका वाक्यात जुळवलं. पाच मिनिटांनी अन्नपूर्णा पांढरी झाली. काकूने ती पुसून उजेडात धरली, उलटी करून पाठ पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"नाक मात्र नाही आलं परत," ती म्हणाली.

हा उपाय स्विचला चालत नाही, कारण स्विच मिठाच्या गरम पाण्यात बुडवता येत नाही. चिंचही चालत नाही, व्हिनेगर चालत नाही, लिंबू चालत नाही. आम्लाने थर जातो हे खरं, पण काकू समई नंतर तीन पाण्यांनी धुते, कोरडी करते. स्विचच्या फटीत राहिलेलं आम्ल कोण धुणार? ते आत बसून धातू खात राहतं आणि सहा महिन्यांत हिरवा कळंक दिसायला लागतो.

स्विचला लागतो एक थेंब. माझ्याकडे कॅलिफोर्नियातल्या केग कंपनीचं डीऑक्सिट होतं, महाग असतं म्हणून जपून वापरते. कॉन्टॅक्टसाठीच बनवलेला दुसरा चांगला क्लीनरही चालतो, मात्र सुकल्यावर किंचित वंगण मागे ठेवणारा हवा. गंजलेले नटबोल्ट सोडवायचे स्प्रे इथे मारू नयेत, त्यांचा चिकट थर उरतो आणि त्यावर धूळ बसते. निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल तेलकटपणा आणि धूळ काढतं, काळ्या थराला ते हलवत नाही. जुने मेकॅनिक सीटीसी वापरायचे, कार्बन टेट्राक्लोराइड. लहानपणी टीव्हीचा चॅनेलचा ट्यूनर साफ करायला घरी मेकॅनिक आला की गोडसर वास पसरायचा, तो त्याचा. यकृताला घातक होतं ते. ओझोन वाचवायच्या करारानुसार भारतात २०१० पासून असा वापर बंद झाला ते फार बरं झालं. बंद दुकानात पंख्याखाली बसून त्या माणसांनी वर्षानुवर्षं ते हुंगलं.

थेंब सिरिंजच्या सुईने, प्रत्येक जबड्यावर, तेवढाच. डबा उलटा धरून फवारायचं नाही. त्या तपकिरी चकत्या कागद आणि राळेच्या असतात, द्रव पितात, आणि मग जिथून वीज जायला नको तिथून ती झिरपते. आणखी एक: डायलच्या काचेवर मी आधी जाड फडकं बांधते. स्टेशनांची नावं काचेच्या मागून रंगवलेली असतात, अल्कोहोलचा नुसता शिंतोडा उडाला तरी पुसली जातात आणि परत लिहिता येत नाहीत.

मग बटण फिरवायचं. मीडियम वेव्हपासून दुसऱ्या शॉर्टवेव्हपर्यंत आणि परत, सावकाश. थर सैल करायचं काम द्रव करतो, खरवडायचं काम स्विच स्वतः करतो, त्याला जितकं सोसेल तितक्याच दाबाने. दहा फेऱ्यांनी जबड्याच्या कडेला काळं पाणी जमलं. कोऱ्या कागदाच्या चिंचोळ्या पट्टीने ते टिपून घेतलं. कापूस वापरत नाही, त्याचे तंतू अडकतात. पुन्हा थेंब, पुन्हा फेऱ्या. काकू शेजारी येऊन बसली आणि मोजायला लागली, जप मोजते तशी बोटांच्या पेरांवर. तिसऱ्या खेपेला कागद जवळजवळ कोराच निघाला. भिंगातून पाहिलं तर चांदी पूर्ण पांढरी नव्हतीच. जबडा जिथून जातो तेवढा पट्टा उजळ, बाजूला काळं तसंच. ते तसंच राहू दिलं. जिथे काही टेकत नाही तिथल्या काळ्याने कोणाचं काही बिघडत नाही, आणि ते काढायच्या हट्टापायीच माणूस पॉलिश पेपर हातात घेतो. मीटर लावला. ०.२ ओहम, आणि तेवढा तर माझ्या मीटरच्या वायरींचाच होता.

संध्याकाळी ११४३ किलोहर्ट्झवर रत्नागिरी लागलं. थापेशिवाय.

राहिला होता व्हॉल्यूम. त्याच्या आत खरोखरच कार्बनची पट्टी असते. तो फिरवताना सगळीकडे खरखर होती, म्हणून त्यातही कार्बनच्या पट्टीला चालणारं सौम्य क्लीनर सोडलं आणि वीस-पंचवीस वेळा फिरवला. इथे एक पारख सांगून ठेवते. व्हॉल्यूम साफ करूनही आठवड्यात पुन्हा खरखरायला लागला तर त्याच्या आधीचा कपॅसिटर गळतोय का पाहा. डीसी झिरपून त्या पट्टीवर आलं की नवा व्हॉल्यूमही खरखरतो. लोक उगाच तीन-तीन वेळा व्हॉल्यूम बदलतात. आमच्या रेडिओत तो कपॅसिटर मी बदललेलाच होता. सगळीकडची खरखर गेली.

एक जागा सोडून. खटका वाजून रेडिओ चालू होतो, तिथून पाव फेरीच्या जरा अलीकडे, बरोबर एका ठिकाणी आवाज जायचा आणि खर्र करून यायचा. पुन्हा क्लीनर, पुन्हा फिरवणं, फरक शून्य. मळ असेल तर खरखर पसरलेली असते. ती एकाच जागी ठाम राहिली तर पट्टी झिजलेली असते, आणि झिजलेला कार्बन कुठल्याच द्रवाने परत येत नाही. मागचं पत्र्याचं झाकण सोडवून आत पाहिलं. काळ्या पट्टीवर तेवढ्या जागी एक फिकट खळगा पडला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या काका ऐकायचे तेव्हा घरात बाकीचे झोपलेले असायचे. कोणाची झोप मोडू नये आणि आपल्याला ऐकू यावं, एवढाच आवाज. बटणावर हात ठेवून बसायची त्यांची सवय होती. बातमी महत्त्वाची असली की केसभर वाढवायचे, संपली की केसभर कमी. रोज, त्याच जागी, मागेपुढे.

नवा व्हॉल्यूम माझ्या पेटीत होता. मापाचा, खटक्यासकट. अर्ध्या तासाचं काम. मी काकूला खळगा दाखवला, भिंग दिलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"बदलू का?"

तिने रेडिओ चालू करायला सांगितला. खटका वाजला, वॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही थांबलो. तिने बटण हळूहळू फिरवलं, खर्र झालं, तिथे ती क्षणभर थांबली आणि मग अंगठ्याने ते जरासं पुढे सरकवलं. आवाज स्वच्छ आला, जरा मोठा.

"ह्यापुढे ऐकू येतंय की," ती म्हणाली. "मला आता एवढा आवाज लागतोच."